ओल्या काळ्या मातीचा थर जाड केला की खालचे विद्युतक्षेत्र का फुगते?

थरांच्या माध्यमातून जाणाऱ्या विद्युतचुंबकीय तरंगांची गणना करणाऱ्यांकडून, आणि त्यातही जीपीआरच्या, म्हणजे जमिनीत रेडिओ तरंग सोडून खालचे थर शोधणाऱ्या रडारच्या कामासाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, पावसाळा सरत आला की एक तक्रार हटकून येते. मे महिन्यातील भेगाळलेल्या कोरड्या मातीचे आकडे घातले होते तेव्हा प्रोग्राम बिनबोभाट चालला. आता ओल्या मातीचे आकडे घालून थराची जाडी वाढवली की खालच्या थरातील क्षेत्र, म्हणजे तरंगाचे तेथील विद्युतक्षेत्र, अचानक फुगते, कधी पृष्ठभागावरील क्षेत्रापेक्षाही मोठे होते, आणि त्याहून पुढे गेल्यास पडद्यावर उत्तराच्या जागी 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे 'ही संख्याच नाही') उमटते. अलीकडेच आलेल्या एका संदेशातील वाक्य असे होते: "सर, परावर्तन गुणांक अगदी बरोबर येतो, पण मुरमातले क्षेत्र हवेतल्यापेक्षा जास्त दाखवतोय, मग नेमके चूक काय?" या वाक्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण परावर्तन बरोबर असूनही आतील क्षेत्र चुकणे ही एका ठरावीक दोषाची खूण आहे, आणि ती ओळखली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

नागपूरच्या परिसरात हा प्रश्न वारंवार का उपटतो, हे येथील जमीन पाहिली की कळते. शहर दख्खनच्या ट्रॅपच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या पठाराच्या, पूर्व कडेवर वसलेले असल्यामुळे पश्चिमेकडे बेसॉल्ट आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस खडक आढळतात. टाकळीसारख्या ठिकाणी लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधे सापडलेले गाळाचे थर तर भूशास्त्राच्या अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. पश्चिमेकडील कोणत्याही विहिरीच्या खोदकामात आधी काळी माती, मग मुरूम आणि मग काळा दगड हा क्रम लागतो, आणि शहरात त्यावर सिमेंट रस्त्याचे थर चढतात. त्यामुळे सपाट, एकावर एक रचलेल्या थरांचे प्रतिमान येथे स्वाभाविकच निवडले जाते, आणि ते योग्यही आहे. अडचण करते ती काळ्या मातीची चिकणमाती. ओली झाल्यावर तिची वाहकता इतकी वाढते की तरंग काही मीटरांतच विरून जातो, आणि हे विरणेच गणनेच्या मुळावर येते.

आकडे घेऊन पाहू. समजा ओल्या मातीचा सापेक्ष डायलेक्ट्रिक स्थिरांक २५ आणि वाहकता १०० मिलिसिमेन्स प्रति मीटर आहे, आणि तरंगाची वारंवारता ४०० मेगाहर्ट्झ आहे. या परिस्थितीत ऱ्हास गुणांक वाहकतेच्या निम्म्याला ३७७ ओहमने गुणून आणि डायलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागून जवळपास अचूक मिळतो, म्हणजे ३.७७ नेपर प्रति मीटर, अर्थात मीटरला सुमारे ३३ डेसिबल. आता ट्रान्स्फर मॅट्रिक्सच्या पद्धतीत, जिच्यात प्रत्येक थराची एक मॅट्रिक्स लिहून सगळ्यांचा गुणाकार करतात, प्रत्येक थरासाठी दोन घातांकी संख्या लागतात, खाली जाणाऱ्या तरंगासाठी घटणारी आणि वर येणाऱ्या तरंगासाठी वाढणारी. पाच मीटर जाडीच्या थरासाठी वाढणारी संख्या सुमारे १५ कोटी होते आणि घटणारी १५ कोटीत एक. दोन्हींचे गुणोत्तर १०च्या सोळाव्या घाताच्या वर जाते, आणि डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या अचूकतेत, आपल्यापाशी जेमतेम सोळा अंक असतात.

मात्र याचा अर्थ लावताना बहुतेकांची गल्लत होते. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सने, म्हणजे समदिक (सर्व दिशांना सारखेच गुणधर्म असलेल्या) थरांसाठी, काढलेला परावर्तन गुणांक या कारणाने बिघडत नाही. तो मॅट्रिक्सच्या दोन घटकांचे गुणोत्तर असतो, दोन्ही घटकांत वाढणारी संख्याच वरचढ असते, आणि जो भाग गळून पडतो तो मुळातच सोळाव्या अंकाच्या पलीकडचा असतो. बिघडते ते आतील क्षेत्र. कारण ते काढताना आपण पृष्ठभागावरील आपाती तरंग आणि नुकताच मिळालेला परावर्तित तरंग घेऊन वरून खाली उतरतो. मातीच्या थराच्या माथ्यावर वर येणाऱ्या तरंगाचा खरा आयाम इतका क्षुल्लक असतो की तो एकाच्या आसपासच्या दोन संख्यांच्या वजाबाकीतून काढताना हाती लागते ते त्या वजाबाकीतील पूर्णांकनाचे अवशेष, म्हणजे १०च्या उणे सोळाव्या घाताइतका कचरा. हा कचरा खाली उतरताना घटत नाही, वाढतो. पाच मीटरच्या तळाशी तो १५ कोटी पटींनी वाढून साडेसहा कोटीत एक इतका होतो, तर तेथील खरे क्षेत्र १५ कोटीत एक असते. म्हणजे कचरा खऱ्याच्या दुपटीहून मोठा झाला. तीन मीटरच्या तळाशी खरे क्षेत्र सुमारे ८२ हजारांत एक आणि कचरा त्याच्यापुढे नगण्य, म्हणून तेथपर्यंत आलेख निर्दोष दिसतो. दहा मीटरच्या तळाशी मात्र कचरा एकाच्या वर जातो, आणि मुरमात हवेपेक्षा मोठे क्षेत्र दिसते ते नेमके असे.

कोरड्या मातीत हे का घडत नाही, हेही याच हिशेबातून दिसते. डायलेक्ट्रिक स्थिरांक ६ आणि वाहकता ५ मिलिसिमेन्स प्रति मीटर घेतली तर ऱ्हास ०.३८ नेपर प्रति मीटरच्या आसपास राहतो, आणि सोळा अंक संपायला ४५ मीटरांहून जाड थर लागेल. उन्हाळ्यातील उदाहरण चालले म्हणून प्रोग्राम बरोबर आहे असे मानणे म्हणूनच धोक्याचे.

येथे एक शंका रास्त आहे की पाच किंवा दहा मीटर काळी माती प्रत्यक्षात किती ठिकाणी असते. फारशी नसते. पण बहुतेक फाइलींमध्ये इतकी जाडी खऱ्या मातीसाठी लिहिलेली नसते. "खाली अमर्याद माध्यम आहे" असे प्रोग्रामला सांगण्याचा उपाय म्हणून शेवटच्या थराला १० किंवा ५० मीटर जाडी दिलेली असते. हा उपाय नसून दुखणे ओढवून घेणे आहे. शेवटचे माध्यम अर्धअवकाश, म्हणजे खाली कुठेच न संपणारे माध्यम, म्हणूनच जाहीर करावे, त्याला जाडी देऊच नये. निम्म्या तक्रारी केवळ एवढ्याने मिटतात.

उरलेल्यांसाठी आधी निदान आणि मग औषध. निदानाची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे तीच गणना पन्नास अंकांच्या अचूकतेने पुन्हा करणे; पायथनमध्ये एमपीमॅथ हे पॅकेज त्यासाठी पुरेसे आहे. उत्तर बदलले तर दोष अंकांचा आहे, सूत्राचा नाही. उत्तर जसेच्या तसे चुकीचे आले तर अंक वाढवून काही साधणार नाही, सूत्रच तपासावे लागेल. पन्नास अंकांवर उत्तर सुधारले म्हणून तेवढ्यावरच समाधान मानून पुढे जाणारेही भेटतात. त्यांनी फक्त अडचणीची खोली वाढवून घेतलेली असते, आणि गणना कितीतरी पटींनी संथ केलेली असते ती वेगळीच. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी: हाच प्रोग्राम वेगासाठी ग्राफिक्स कार्डावर सिंगल प्रिसिजनमध्ये नेला तर सातच अंक उरतात, आणि वरच्याच मातीत दोन मीटरच्या तळाशी कचरा खऱ्या क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचतो. "घरच्या संगणकावर चालते, प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर चालत नाही" या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

खरा उपाय असा आहे की वाढणारी संख्या गणनेत येऊच द्यायची नाही. एल. जी. पॅरट यांनी १९५४ मध्ये क्ष-किरणांच्या परावर्तनासाठी जी पुनरावर्ती मांडणी वापरली ती येथे जशीच्या तशी लागू पडते. सर्वांत खालच्या अर्धअवकाशातून काहीही वर येत नाही, म्हणून तेथील परावर्तन शून्य धरायचे. मग एकेक सीमारेषा वर चढत, खालून आलेल्या एकूण परावर्तनाला त्या थराच्या जाण्यायेण्याच्या घटणाऱ्या घातांकाने गुणायचे आणि त्या सीमारेषेच्या फ्रेनेल गुणांकाशी (फक्त त्या एका सीमारेषेच्या परावर्तन गुणांकाशी) जोडायचे: अंशात दोघांची बेरीज, छेदात एक अधिक दोघांचा गुणाकार. पृष्ठभागावर पोहोचलो की एकूण परावर्तन हाती येते आणि प्रत्येक सीमारेषेवरील परावर्तन साठवलेले असते. त्यानंतर वरून खाली उतरताना फक्त खाली जाणाऱ्या तरंगाचा आयाम पुढे न्यायचा, प्रत्येक थरात घटणाऱ्या घातांकाने गुणत, आणि वर येणारा तरंग वजाबाकीने काढायचा नाही, तर साठवलेल्या परावर्तनाने गुणून मिळवायचा. या फेरीत एकही घातांक एकाच्या वर जात नाही. थर दहा मीटरचा असो की हजार मीटरचा, क्षेत्र फार तर शून्याकडे जाते, फुगत नाही. कोडच्या दृष्टीने हा बदल वीसपंचवीस ओळींचा आहे आणि वेगात काहीही तोटा होत नाही, त्यामुळे जुन्या मॅट्रिक्सला चिकटून राहण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

थर विषमदिक असतील, म्हणजे दोन्ही ध्रुवीकरणे एकमेकांत मिसळत असतील, तर चार बाय चारची मॅट्रिक्स लागते, आणि तेथे मात्र परावर्तन गुणांकदेखील सुरक्षित राहत नाही. कारण तो घटकांच्या गुणाकारांच्या वजाबाकीतून निघतो आणि त्या वजाबाकीत मोठ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात. अशा वेळी वरचीच कल्पना मॅट्रिक्सच्या रूपात, म्हणजे स्कॅटरिंग मॅट्रिक्सने, राबवावी लागते.

'नॅन'चा उगम थोडा वेगळा आहे. डबल प्रिसिजनमधील सर्वांत मोठी संख्या १०च्या ३०८व्या घाताच्या घरात आहे, म्हणजे घातांक ७०९च्या वर गेला की संख्या अनंत होते, आणि अनंताला अनंताने भागले की 'नॅन'. सपाट तरंगात इथवर सहसा कोणी पोहोचत नाही. पण अँटेनाला बिंदुस्रोत मानून सॉमरफेल्ड संकलन, म्हणजे स्रोताचे क्षेत्र अनेक सपाट तरंगांच्या बेरजेतून काढणे, करणारे सहज पोहोचतात, कारण त्या संकलनात आडवा तरंगांक माध्यमाच्या तरंगांकाच्या कितीतरी पुढे न्यावा लागतो. आपल्या मातीचा तरंगांक ४०० मेगाहर्ट्झला सुमारे ४२ रेडियन प्रति मीटर आहे; आडवा तरंगांक त्याच्या दहापट, म्हणजे ४२० झाला की दोन मीटरचा थरही ७०९ ओलांडतो. सिंगल प्रिसिजनमध्ये तर ही मर्यादा ८८ वरच येते. उपाय तोच, घटणारे घातांक. शिवाय अँटेना जमिनीला टेकलेली असेल तर संकलनातील पद फार सावकाश घटते, तेव्हा त्याचा दूरचा भाग वेगळा काढून सूत्राने सोडवणे हितकारक.

वर्गमुळाचे चिन्ह

पन्नास अंकांवरही उत्तर चुकीचेच राहिले, तर पहिला संशय उभ्या तरंगांकाच्या वर्गमुळावर घ्यावा. मधल्या थरांसाठी वर्गमूळ धन घेतले काय आणि ऋण घेतले काय, गणिताच्या दृष्टीने एकूण उत्तर तेच राहते, कारण खाली जाणारा आणि वर येणारा तरंग फक्त नावे बदलतात. ज्यांना हे माहीत असते ते मग चिन्हाकडे दुर्लक्ष करतात आणि पुनरावर्ती मांडणीत घटणाऱ्याच्या जागी वाढणारा घातांक शिरवून बसतात. शेवटच्या अर्धअवकाशात मात्र चिन्ह गणितातही महत्त्वाचे आहे.

उदाहरणार्थ, बोअरवेलमध्ये सोडलेल्या अँटेनापासून निघालेला तरंग २५ स्थिरांकाच्या मातीतून ८ स्थिरांकाच्या बेसॉल्टवर ३४.५ अंशांहून जास्त कोनाने आपटला तर संपूर्ण परावर्तन होते. बेसॉल्टची वाहकता शून्य धरली असेल तर वर्गमुळाखाली शुद्ध ऋण संख्या येते आणि पायथनमधील नमपाय या पॅकेजचे वर्गमुळाचे फंक्शन धन काल्पनिक उत्तर देते. विद्युत अभियांत्रिकीतल्या संकेतात, जेथे काळाचा घातांक धन काल्पनिक असतो, हे उत्तर खोलीबरोबर वाढणारे क्षेत्र दर्शवते, म्हणजे चुकीचे आहे. गंमत अशी की काल्पनिक भागातील शून्याला ऋण चिन्ह चिकटलेले असेल तर तेच फंक्शन बरोबर उत्तर देते, आणि ते चिन्ह चिकटते की नाही हे डायलेक्ट्रिक स्थिरांकाची ओळ कशी लिहिली आहे यावर अवलंबून असते. ही चूक ऊर्जेच्या तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही चिन्हांना परावर्तनाचे परिमाण एकच येते. उलटते ती फक्त कला (फेज), आणि मग काळाच्या अक्षावर स्पंदाचा आकार वाकडा दिसतो. बेसॉल्टला नाममात्र वाहकता देणे हा साधा आणि प्रामाणिक इलाज आहे, दगड काही परिपूर्ण विद्युतरोधक नसतोच. चिन्ह हाताने तपासायचे असेल तर "काल्पनिक भाग धन असेल तर उलटा" एवढाच नियम लिहू नये. पूर्णांकनामुळे आलेला अतिसूक्ष्म धन भाग पाहून तो नियम सरळ जाणाऱ्या तरंगालाही मागे फिरवतो.

अँटेना हवेत आणि तरंग सपाट असेल तर बेसॉल्टमध्ये संपूर्ण परावर्तन संभवत नाही, आणि हा सर्व खटाटोप वाचवता येतो.

ऱ्हासाऐवजी वाढ

इलेक्ट्रॉनिक्सकडून आलेला विद्यार्थी धन काल्पनिक घातांकाचा संकेत वापरतो, भौतिकशास्त्राकडून आलेला ऋण. एकाने लिहिलेल्या प्रोग्रामात दुसऱ्याच्या तक्त्यातील डायलेक्ट्रिक स्थिरांक घातला की शोषणारी माती तरंगाला ऊर्जा पुरवू लागते. याची खूण फार नेमकी आहे. आपल्या मातीच्या पृष्ठभागावरचे लंब आपातनातील परावर्तन सुमारे उणे ०.६७ असते आणि थर जाड करत गेले की एकूण परावर्तन त्याच संख्येवर स्थिरावले पाहिजे. चिन्ह उलटे असेल तर ते तिच्या व्यस्तावर, म्हणजे सुमारे उणे १.५ वर स्थिरावते. मूल्य फुगत नाही, उड्या मारत नाही, शांतपणे एकाच्या वर जाऊन थांबते. असे दिसले तर अचूकतेच्या मागे न लागता वाहकतेच्या पदाचे चिन्ह पाहावे.

येथेच ऊर्जेच्या तपासणीविषयी एक सूचना. वाहकता सगळीकडे शून्य ठेवून परावर्तित आणि पारगत ऊर्जेची बेरीज एक येते का हे प्रत्येक नव्या प्रोग्रामवर पाहावेच. पारगत ऊर्जा काढताना आयामाच्या वर्गाला उभ्या तरंगांकांच्या गुणोत्तराने गुणावे लागते आणि दोन ध्रुवीकरणांसाठी ते गुणोत्तर वेगळे असते. बेरीज एक न येण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. आपाती माध्यमच शोषक असेल, उदाहरणार्थ अँटेना मातीत असेल, तर आपाती आणि परावर्तित ऊर्जा वेगवेगळ्या मोजताच येत नाहीत, तेव्हा ही तपासणी तेथे लावून स्वतःला भ्रमात टाकू नये.

काळाच्या अक्षावरचा खोटा थर

वारंवारतेनुसार काढलेली उत्तरे फूरिये रूपांतराने काळात आणली की कधीकधी जेथे काहीच नाही तेथे एक स्वच्छ परावर्तन दिसते, आणि ते आंतरट्रॅपी, म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या, गाळथराचे म्हणून अहवालात जाण्याच्या बेतात असते. वारंवारतेची पायरी १० मेगाहर्ट्झ असेल तर काळाची खिडकी १०० नॅनोसेकंदांची होते. आपल्या ओल्या मातीत तरंगाचा वेग ०.०६ मीटर प्रति नॅनोसेकंद आहे, म्हणजे ही खिडकी तीन मीटर खोलीलाच पुरते. त्याहून उशिरा येणारी परावर्तने खिडकीबाहेर पडत नाहीत, गुंडाळली जाऊन सुरुवातीला उमटतात. पायरी निम्मी करावी. रेषा जागची हलली तर ती खोटी, नाही हलली तर खरी. सगळी परावर्तने खिडकीच्या शेवटी, उलट्या क्रमाने दिसत असतील तर मात्र वर सांगितलेला संकेतांचा घोळ रूपांतराच्या पायरीत झाला आहे.

आपली उत्तरे एफडीटीडीशी, म्हणजे जागेची जाळी करून काळाच्या छोट्या पायऱ्यांनी क्षेत्र पुढे नेणाऱ्या पद्धतीशी, ताडून पाहणाऱ्यांसाठी थोडे. के. एस. यी यांची १९६६ची जाळी आणि बेरँजे यांनी १९९४ मध्ये मांडलेला पीएमएल (जाळीच्या कडेवर तरंग शोषून घेणारा थर) यांवर चालणाऱ्या जीपीआरमॅक्ससारख्या प्रोग्रामात मातीचे आणि मुरमाचे थर पीएमएलच्या आतून थेट कडेपर्यंत न्यावे लागतात, अलीकडे थांबवले तर कडेवरून खोटे परावर्तन येते. जाळीची घडी, म्हणजे एका चौकटीची लांबी, सर्वांत संथ थरावरून ठरते: ४०० मेगाहर्ट्झच्या स्पंदात १.२ गिगाहर्ट्झपर्यंत ऊर्जा धरली तर ओल्या मातीत तरंगलांबी ५ सेंटिमीटर होते आणि दहा भागांच्या हिशेबाने घडी ५ मिलिमीटर. काळाची पायरी मात्र सर्वांत वेगवान माध्यमावरून, म्हणजे हवेवरून ठरते, आणि त्रिमितीत ती ९.६ पिकोसेकंदांच्या आत ठेवावी लागते. तुलना करायची ती एकमितीय, लंब आपातनाच्या गणनेशीच करावी, कारण त्रिमितीय बिंदुस्रोताचा आयाम अंतरानुसारही घटतो आणि सपाट तरंगाच्या आयामाशी त्याचा मेळ बसणार नाही. थराची जाडी घडीच्या पूर्ण पटीत नसेल तर सीमारेषा अर्धी घडी सरकू शकते, आणि अडीच मिलिमीटरचे ते सरकणे ओल्या मातीत परावर्तनाला सुमारे ०.०८ नॅनोसेकंदांनी पुढेमागे करते. दोन आलेखांत एवढाच फरक उरला असेल तर पुनरावर्ती प्रोग्राम पुन्हा उघडण्याची गरज नाही. जाडी ५ मिलिमीटरच्या पटीत घेऊन एफडीटीडी एकदा पुन्हा चालवावे.